भिंगरीची आई

पाच वर्षांनी लेक समोर येऊन उभी राहिली, आणि आई म्हणाली, "थांब."

तेही तिच्याकडे न बघता. आईच्या मांडीवर सहा-सात वर्षांची एक किडकिडीत पोर होती, हातात पेजेची वाटी होती आणि चमचा पोरीच्या ओठांशी टेकलेला होता. अनाथाश्रमाच्या संचालिका बाई दारात दोन्ही हात पसरून उभ्या होत्या, टोपीतून ससा काढून दाखवणाऱ्या जादूगारासारख्या. बेत त्यांचाच होता.

"अहो, बघा तरी कोण आलंय!"

आईने मान वर केली. तिचा चेहरा लाल झाला, पण चमच्याचा हात हलला नाही. "हिला मध्येच सोडलं तर सगळं ओकून टाकते," ती म्हणाली. "थांब हं बाळा. बस त्या स्टुलावर."

लेक बसली नाही. खांद्याला पिशवी तशीच लटकवून उभी राहिली. वाटी खरवडून झाली, पोरीचं तोंड पुसून झालं, तिला खांद्यावर घेऊन पाठ थोपटून झाली, तेव्हा कुठे आई उठली आणि लेकीच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली. लेक घरून निघताना विमानभर पुरेल एवढं रडू साठवून आली होती. ते एवढ्यात कुठे आटलं, तिचं तिलाच कळलं नाही.

लेक सहा वर्षांची असताना बाप गेला. कारखान्यात यंत्राच्या पट्ट्यात सदरा अडकल्याचं निमित्त झालं. आईचं शिक्षण बेताचं, सासरचे हात झटकून मोकळे. कुणीतरी परदेशातलं काम सुचवलं तेव्हा आई लेकीला धाकट्या बहिणीच्या ओटीत घालून गेली. "दोनच वर्षं," म्हणाली, "डोळे मिटून उघडशील तोवर परत येते." पोरीने खरंच तिथल्या तिथे डोळे मिटून उघडले होते. माई ती गोष्ट पाहुण्यांना हसत सांगायची. मावशीला ती माई म्हणायची.

दोनाची चार झाली, चाराची दहा. आई आधी एका वृद्धाश्रमात फरशी पुसायला होती, मग या अनाथाश्रमात मुलं सांभाळायला लागली आणि लोणच्यासारखी तिथेच मुरली. मधल्या काळात दोनदा घरी आली. दोन्ही वेळा लेकीच्या केसांना तेल लावत बसली आणि केस पुरते वाळायच्या आत गेली. सोळाव्या वर्षी लेकीने तिकडच्या भाषेचा क्लास लावला. माईने विचारलं, "हे काय नवीन खूळ?" तर म्हणाली, "आईने बोलावलं तर माझं अडायला नको." आईने काही बोलावलं नाही. आता बोलावलं ते संचालिका बाईंनी. मोठे देणगीदार येणार होते, आईच्या सेवेचा सत्कार होता, आणि ऐन वेळी पोटची मुलगी हजर करून सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आणायचं बाईंच्या मनात होतं.

निघताना माईने बजावलं होतं, "जा. पण तोंड सांभाळ. तुझी जीभ माझ्यावर गेलीय, तिच्यावर नाही."

अनाथाश्रमाची इमारत लांबच लांब होती, एखाद्या बंद पडलेल्या शाळेसारखी. तान्ह्यांच्या खोलीत पाळणे नव्हते, उंच कठड्यांच्या लोखंडी खाटा होत्या, आणि कठड्यांना मुलांनी दात लावून लावून रंग उडवला होता. उकळलेलं दूध, फिनेल आणि ओली लंगोटी यांचा मिळून एक वास सगळीकडे भरलेला असे. पण पहिल्या दिवशी लेकीला खटकलं ते निराळंच. एवढी तान्ही मुलं, आणि रडण्याचा आवाज नाही.

"रडून कुणी येतं हे माहीत असलं तर मूल रडतं," संचालिका बाईंनी समजावलं. "इथे येतात ती मुलं आधीच विसरलेली असतात. आमच्या ताया त्यांना परत रडायला शिकवतात. ज्या दिवशी एखादं भोकाड पसरतं ना, त्या दिवशी आम्ही पेढे वाटल्यासारखं एकमेकींना सांगत सुटतो."

ताया म्हणजे सांभाळणाऱ्या बायका. मुलांनी त्यांना ताईच म्हणायचं, असा नियम होता. बायका बदलतात, कामं सोडून जातात. मुलांचा जीव एकीत अडकायला नको. लेकीने त्यांचं काम पाहिलं आणि तिच्या मनात असो-नसो, मान खाली गेली. एक ताई दम लागणाऱ्या बाळाला आडवं ठेवता येत नाही म्हणून भिंतीला पाठ टेकून बसल्या बसल्या झोपायची. दुसरी, थंडगार कपड्याने मूल दचकतं म्हणून, प्रत्येक लंगोट आधी स्वतःच्या पोटाशी धरून ऊब द्यायची. तिच्या पोटावर कायमचं पुरळ उठलं होतं. कुणी बघत नसताना करायच्या या गोष्टी. लेकीला वाटलं, सत्कार करायचा तर या सगळ्यांचा पाय धुऊन करावा.

आणि या सगळ्या तिच्या आईला मानत होत्या. ते भिंगरीमुळे.

भिंगरी म्हणजे पेज खाणारी ती पोर. बसथांब्याच्या बाकाखाली सापडलेली, डावं पाऊल आत वळलेलं. खाटेत पडल्या पडल्या डोकं गरागरा हलवत राहायची, म्हणून लेकीच्या आईने ठेवलेलं हे नाव. डॉक्टरांनी सांगितलं होतं की खायला घाला, त्यापुढची आशा धरू नका. लेकीच्या आईने धरली. काम सांभाळून, काम संपल्यावरही, पोरीला पोटाशी बांधून हिंडली. तिच्याशी सतत बोलत राहिली, आणि बोलायची ती आपल्या भाषेत. म्हणे, लाडाचं दुसऱ्या भाषेत जमत नाही. पोर पाच वर्षांची होईस्तोवर मुकी होती. मग एका सकाळी तिने तोंड उघडलं आणि म्हणाली, "आई."

"त्या दिवशी मी नियम गुंडाळून ठेवला," संचालिका बाई सांगत होत्या. "अजूनही ती फक्त तुमच्या आईशीच बोलते, तेही तुमच्याच भाषेत. आम्हाला एक अक्षर कळत नाही! उद्या सत्कारात तीच फूल देणार, आणि सगळ्यांसमोर आई अशी हाक मारणार."

लेकीने त्या दोघींचं बोलणं दाराआडून ऐकलं होतं. आई भिंगरीचे केस विंचरत होती आणि दोघी मिळून म्हणत होत्या, "एक बट तुझी, एक बट माझी, मधली बट कुणाची? मधली बट राणीची." हे गाणं लेकीला येत होतं. कुठून येतं ते मात्र तिला कधी आठवलं नव्हतं. माईला विचारलं तर माई म्हणायची, मी नाही बाई असलं काही शिकवलं.

सत्काराच्या आदल्या दुपारी लेक कपड्यांच्या घड्या घालायला धुलाईघरात गेली. तिथल्या बाईला सगळे रेडिओ म्हणत, कारण ती एकदा लागली की बंद करायचं बटण सापडत नसे. चादरीचं एक टोक लेकीच्या हातात देऊन रेडिओ सुरू झाली.

"तुझी आई माणूस नाही गं, देवच आहे. ताप पसरला होता त्या वर्षीचं ऐकलंस का? दारं बंद झाली. आत होत्या त्या आत, बाहेर होत्या त्या बाहेर."

"माहीत आहे," लेक म्हणाली. तिला चांगलंच माहीत होतं. त्याच वर्षी तिच्या पोटातलं आतडं फुटलं होतं. सतरा वर्षांची होती. माईने इथे फोन केला तेव्हा आई म्हणाली होती, दारं बंद आहेत, कुणालाच सोडत नाहीत, मी काय करू. शुद्धीवर आल्यावर लेकीने माईच्या तोंडून ते ऐकलं आणि कधी नव्हे ती तिला आईची दया आली होती. कोंडून पडलीय बिचारी.

"अगं, पण तिला सोडलं होतं!" रेडिओने चादर झटकली. "बाईंनी स्वतः परवानगी काढली. म्हणाल्या, तुमची मुलगी दवाखान्यात आहे, तुम्ही जा. गाडी बोलावली. ही बॅग घेऊन फाटकापर्यंत गेली. मी या खिडकीतून बघत होते ना! फाटकापाशी उभी राहिली, किती तरी वेळ. आणि मग आली की परत! भिंगरीला ताप चढला होता, आणि दुसऱ्या कुणाच्या हातून ती पाणीसुद्धा घेत नव्हती. स्वतःची मुलगी तिकडे मरणाच्या दारात, आणि ही या पोरीसाठी मागे फिरली. असं माणूस शोधून सापडायचं नाही."

लेकीने हातातलं टोक रेडिओच्या टोकाला जुळवलं. कोपऱ्याला कोपरा लावून चादरीची नीट घडी केली.

"नाहीच सापडायचं," ती म्हणाली.

त्या दिवशी ती आईला काही बोलली नाही. आईने दोनदा विचारलं, "गप्प का?" "दमलेय," एवढंच ती म्हणाली. आई म्हणाली, "हा गडबडगुंडा एकदा संपू दे, मग आपण दोघी निवांत बसू. मला तुझ्याशी खूप बोलायचंय." आई हे फोनवरही दर वेळी म्हणायची.

सकाळी हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या जात होत्या. आईला रंगीत तालमीसाठी बोलावणं आलं. तिने कंगवा लेकीच्या हातात दिला. "हिची वेणी घालशील? तुझ्याजवळ बसेल ती. मी सांगितलंय तिला, ही माझी मोठी मुलगी आहे म्हणून."

"आणि ही धाकटी का?"

आई हसली. लेक थट्टा करतेय असं तिला वाटलं, आणि ती गेली.

भिंगरी खाटेच्या कडेला बसली. लेकीने केसांचे तीन भाग केले. पोर आपणहून म्हणायला लागली, "एक बट तुझी, एक बट माझी..." आवाज बारीक होता, पण शब्द खणखणीत, आणि हेल हुबेहूब आईचा. मग तिने मान वळवून विचारलं, "आई कुठे गेली?"

"ती तुझी आई नाही," लेक म्हणाली.

पोरीला ऐकू आलं नसावं. ती वाट बघत राहिली.

"ती माझी आई आहे. तुला तुझ्या आईने बाकाखाली टाकून दिलं. हिला तुला भरवायचा पगार मिळतो. इथल्या सगळ्यांनाच मिळतो. पगार थांबला की तीही थांबेल." लेकीचे हात थांबले नव्हते. वेणी घट्ट आणि सरळ येत होती. "आणि मी तिला घरी न्यायला आलेय. उद्या आम्ही जाणार."

भिंगरी रडली नाही. वळलेलं पाऊल तिने दुसऱ्या पावलाखाली सरकवलं आणि बराच विचार करून विचारलं, "मग मी आई कुणाला म्हणू?"

क्षणभर लेकीच्या बोटांतून बट सुटली. अजूनही वेळ होती. "गंमत केली गं" म्हणून पोरीला जवळ ओढता आलं असतं. तिने बट परत उचलली.

"कुणालाच नको म्हणूस," ती म्हणाली, आणि वेणीला रबर लावलं.

हॉल गच्च भरला होता. देणगीदार पुढच्या ओळीत बसले होते, त्यांच्या मांडीवर रुमाल आधीच काढून ठेवलेले. लेकीला मधोमध खुर्ची होती. संचालिका बाईंनी भाषण केलं, आईला मंचावर बोलावलं, हातात सन्मानचिन्ह दिलं. मग भिंगरी फूल घेऊन निघाली. लंगडत, एकटी, मधल्या वाटेने. लोक श्वास रोखून बघत होते. ती मंचावर चढली, तिने फूल पुढे केलं आणि गप्प उभी राहिली.

"बोल ना राणी," बाई वाकून म्हणाल्या. "काय म्हणतेस तू हिला?"

भिंगरी आईच्या हातातल्या चकचकीत सन्मानचिन्हाकडे बघत होती. बाईंनी हसून पुन्हा विचारलं. मग पोरीचं डोकं हलायला लागलं. आधी हळू, मग जोरात, एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर. आईच्या तोंडाचं पाणी पळालं. हे तिने दोन वर्षांत पाहिलं नव्हतं. तिने सन्मानचिन्ह तिथेच जमिनीवर ठेवलं, पोरीला उचललं आणि मागच्या दाराने निघून गेली.

कुजबुज सुरू झाली. संचालिका बाई कसलेल्या होत्या. त्यांनी माइक सरळ लेकीच्या हातात दिला. "यांची मुलगी दोन शब्द बोलेल."

लेक उठली. तिकडच्या भाषेचा क्लास आता पुरता कामी आला.

"माझी आई कामात कधी कसूर करत नाही," ती म्हणाली. "भरवताना दारात कुणीही येवो, तिचा हात हलत नाही. एकदा मी दवाखान्यात मरायला टेकले होते. तिला इथून सोडलं होतं, गाडी उभी होती. ती फाटकातून परत आली, कारण इथल्या एका मुलीला तिची गरज होती. असं माणूस तुम्हाला दुसरं मिळणार नाही. मी तिची मुलगी आहे, मला विचारा."

टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या ओळीतल्या एका म्हाताऱ्या देणगीदाराने रुमालात तोंड खुपसलं. बाहेर पडताना किती तरी लोकांनी लेकीचा हात हातात घेऊन सांगितलं, तुझंही मन फार मोठं आहे.

आई खाटेजवळ खाली बसली होती. मांडीवर भिंगरी, बाजूला पेजेची वाटी भरलेलीच. चमचा ओठांना लागला की पोर दात घट्ट आवळून घेत होती.

"काय सांगितलंस हिला?" आईने मागे न बघता विचारलं.

"खरं ते."

"काय खरं?"

"तू तिची आई नाहीस. टाकून दिलेल्या पोरीला कुणीतरी सांगायलाच हवं होतं. मलाही कुणीतरी सांगायला हवं होतं. दारं बंद आहेत म्हणालीस ना माईला?"

आईने चमचा वाटीत ठेवला. नाकारलं नाही. कुणी सांगितलं, हेही विचारलं नाही.

"तुझ्याजवळ माई होती," ती म्हणाली. "हिच्याजवळ कुणी नव्हतं."

"म्हणजे माई होती ही माझी चूक झाली."

"तसं नाही गं. तू वाचशील हे मला माहीत होतं."

"कसं माहीत होतं?"

आईने भिंगरीच्या हनुवटीखालचा फडका सारखा केला.

"सांग ना. डॉक्टरांनाही माहीत नव्हतं. माईने नवस बोलायचे बाकी ठेवले नव्हते. तुला कसं माहीत होतं?"

"नव्हतं माहीत," आई शेवटी म्हणाली. तिचा आवाज एकदम म्हातारा झाला होता. "मला वाटलं, तिथे येऊन मी नुसती बसणार. इथे निदान माझ्या हातून काही होईल. तुला मी कधी नीट भरवलं, ते मला आठवेना. तुला काय लागतं, तेही मला माहीत नव्हतं. हिचं सगळं माहीत होतं."

एवढं खरं आई पहिल्यांदाच बोलली होती. लेकीला वाटलं होतं, खरं ऐकलं की कुठेतरी गाठ सुटेल. ती आणखी घट्ट बसली.

"घरी चल," ती म्हणाली, आणि हे मागणं तिला फार लहान मुलीसारखं वाटलं.

"आता?" आईने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. "पाच वर्षांचं काम तू एका वेणीत उसवलंस. ते कोण विणणार परत? तू?" तिने वाटी लेकीपुढे धरली. "ये, बस. भरव."

लेक बसली. तिने भरवून पाहिलं. पेज पोरीच्या हनुवटीवरून ओघळत राहिली आणि आई ती पुसत राहिली. वाटी थंड झाल्यावर आईने ती लेकीच्या हातातून काढून घेतली. "असू दे. तुझ्याने नाही व्हायचं," ती म्हणाली. एखाद्या नवख्या कामवालीला सांगावं तशी, शांतपणे.

दुसऱ्या दिवशी गाडी आली तेव्हा आई दारापर्यंत आली नाही. भिंगरीने सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता. निरोपाला संचालिका बाई होत्या. त्यांनी लेकीला फोटोंचं पाकीट दिलं. सगळे फोटो भाषणाचे होते.

घरी माईने दार उघडताच विचारलं, "कशी आहे?"

"कामाला फार चांगली आहे," लेक म्हणाली, आणि मग काय केलं ते तिने माईला सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. माई ऐकत राहिली. तिने हात उचलला नाही, शिव्या दिल्या नाहीत. फक्त म्हणाली, "जिभेला धार मी लावली, पण ती कुणावर चालवायची ते शिकवायचं राहून गेलं." त्यानंतर बरेच दिवस ती लेकीशी कामापुरतंच बोलत होती.

भिंगरी जगली. नाकातून नळी घालून, मग थेंबथेंबाने, मग चमच्याने. आईने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, तिला पुन्हा पोटाशी बांधलं. पण पोर आता मोठी झाली होती, पाय लोंबायचे. हे सगळं रेडिओने फोनवर सांगितलं. तिने सांगायचं कारण, आई सांगत नव्हती. वर्षभराने भिंगरी पुन्हा बोलायला लागली. आता मात्र तिकडच्याच भाषेत, आणि सगळ्यांशी. इतर ताया हरखून गेल्या. लेकीच्या आईलाही ती इतरांसारखी ताई म्हणायला लागली. आपल्या भाषेतलं काही तिच्याशी बोललं की ती कानांवर हात ठेवते, असं रेडिओने सांगितलं. मग आईने तो नाद सोडला.

आता दर रविवारी आईचा फोन येतो. पूर्वी महिन्यातून एकदा यायचा, तोही घाईत. आता ती खूप वेळ बोलते. काय जेवलीस, पाऊस आहे का, माईचे गुडघे कसे आहेत. तिकडे आपल्या भाषेत तिच्याशी बोलणारं आता दुसरं कुणी नाही. लेक उत्तरं देते. "हो आई. नाही आई. बरं आई." फोन ठेवायची वेळ झाली की आई म्हणते, "अजून थोडं बोल ना."

लेक बोलते. काय बोलायचं ते दोघींनाही सुचत नसतं.